एरंडेलाचं गुऱ्हाळ

कंट्रोल लाइन विमानांच्या छंदात विमान ही दुय्यम गोष्ट आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला एवढंच दिसतं की मैदानाच्या मधोमध एक पोक्त गृहस्थ मूठ धरून स्वतःभोवती गिरक्या घेतायत, मुठीतून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाला अडीच-तीन हात पंखांचं लाकडी विमान कानठळ्या बसवत फिरतंय, आणि पाच-सात मिनिटांनी इंधन संपलं की मुकाट खाली उतरतंय. बघ्याला वाटतं, संपलं. खरं तर तिथून सुरुवात होते. विमान उलटं करून गवतावर ठेवतात, चार टकली त्याच्या नाकावर वाकतात, आणि त्या नाकावरच्या मुठीएवढ्या इंजिनावर पुढचा दीड तास जी चर्चा झडते तिच्यात विमानाचं नावही निघत नाही.

विमानाबद्दल बोलण्यासारखं फारसं नसतंही. मूठ मनगटात कलली की एक तार ओढली जाते, पंखाच्या पोटातली तिकोनी पट्टी फिरते, तिला जोडलेली सळई शेपटीची फळी हलवते आणि विमान वर किंवा खाली जातं. डावं-उजवं करायची सोयच नाही. ना रेडिओ, ना विमान पळून जायची धास्ती. अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या जिम वॉकर यांनी 1940च्या सुमाराला ‘फायरबॉल’ हे विमान काढलं आणि ‘यू-कंट्रोल’ हे नाव रूढ केलं. जाहीर प्रयोगांत ते दोन्ही हातांत एकेक मूठ आणि तिसरी डोक्याला बांधून एका वेळी तीन विमानं फिरवत. लोक विचारतात, चक्कर नाही येत? येते. मैदानाकडे न बघता विमानाकडेच बघत राहायचं हे कळलं की जाते. या वॉकरना पेटंटही मिळालं होतं. पण त्यावरून त्यांनी कॉक्स यांच्या इंजिनांच्या कंपनीला कोर्टात खेचलं, तेव्हा 1955 साली ओबा सेंट क्लेअर नावाचे दुसरे ओरेगनकरच साक्षीला आले आणि असलं विमान आपण 1937 सालीच उडवलं होतं असं सांगून मोकळे झाले. पेटंट गेलं. तेव्हा आमच्या मैदानावरच्या भांडणांना कुणी नावं ठेवू नयेत. ती परंपरा आहे.

आमचं मैदान पुण्यातलं. तिथे माणसाला आडनाव नसतं, इंजिन असतं. फॉक्सवाले, ओएसवाले, डिझेल आजोबा ही मंडळी वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखतात, पण लग्नपत्रिका द्यायची वेळ आली तर पाकिटावर काय लिहावं असा पेच पडेल. माझ्याकडे घनइंचाच्या 0.049 एवढं, म्हणजे जेमतेम 0.8 सीसीचं कॉक्स आहे. उच्चारायला ते पॉइंट झिरो फोर नाइन. आजोबांनी त्याचं ‘पॉइंटराव’ केलं, आणि आता माझी नात शाळेतून फोन करते तेव्हाही मी चुकून “पॉइंटराव बोलतोय” म्हणतो.

फॉक्सवाल्यांचं इंजिन म्हणजे फॉक्स 35 स्टंट. अमेरिकेतल्या ड्यूक फॉक्स यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीला काढलेलं, 0.35 घनइंचाचं, आपल्या मापाने पावणेसहा सीसीच्या आतबाहेर. आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथच्या कारखान्यातून ते पुढे कित्येक दशकं जवळपास त्याच अवतारात बाहेर पडत राहिलं. हलकं, साधं, आणि कसरतींच्या विमानांचं एके काळचं सर्वांचं लाडकं. त्याला एकच खोड आहे, आणि ती जगप्रसिद्ध आहे. विमानाने वर्तुळातलं वर्तुळ घट्ट घेतलं की मध्येच ते एक उचकी देतं. सगळं जग तिला ‘फॉक्स बर्प’ म्हणतं. कारण शोधणाऱ्यांनी शोधलं आहे, सिलिंडरच्या बाजूच्या ज्या वाटेने मिश्रण वर चढतं ती वाट प्रशस्त असल्यामुळे हा घोळ होतो, ती थोडी बुजवली की उचकी थांबते. हे फॉक्सवाल्यांना सांगायचं नाही. “तुमच्या इंजिनाने आत्ता उचकी दिली,” असं कुणी म्हणालं की ते तारांच्या दुसऱ्या टोकावरून, विमान डोक्यावर उलटं असताना, ओरडतात, “उचकी नाही! श्वास घेतला!”

ओएसवाले बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्याकडे ओसाकाचं ओएस. शिगेओ ओगावा यांनी 1936 साली सुरू केलेली ही कंपनी. इंजिन असं की प्रॉपला, म्हणजे पुढच्या पंख्याला, बोटाने दोन फ्लिक मारले की सुरू होतं, सुरात चालतं आणि इंधन संपलं की थांबतं. म्हणजे बोलायला विषयच नाही. ही उणीव ओएसवाल्यांनी वहीने भरून काढली आहे. तारीख, तापमान, प्रॉपचा आकार, प्लगचा नंबर, इंधनाची नीडल किती आटे उघडली, मिनिटाला फेरे किती, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द आहे: समाधानकारक. इंजिन अजून मूळच्या खोक्यात, मूळच्या कागदात गुंडाळून येतं आणि जातं. चालवल्याने झिजतं म्हणून ते महिन्यातून एकदाच चालवतात. बाकीच्या रविवारी इतरांची इंजिनं ऐकून शेरे देतात, आणि ते ‘समाधानकारक’ नसतात.

डिझेल आजोबांचं मिल्स 1.3 इंग्लंडमधलं, दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच जन्माला आलेल्या जातीचं. आजोबा स्वतः त्याच काळातले, त्यामुळे दोघांचं पटतं. याला प्लग नाही, बॅटरी नाही, तारेचा तुकडाही नाही. डोक्यावर एक आडवी दांडी असते, ती पिळली की आतला दाब वाढतो आणि दाबानेच मिश्रण पेटतं. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल. पंपावरच्या डिझेलशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगायचं राहिलं म्हणून एनसीसीच्या एअर विंगचा एक उत्साही कॅडेट एकदा बाटलीभर खरं डिझेल घेऊन आला होता. आजोबांनी ते प्रेमाने ठेवून घेतलं आणि मैदानाच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना लावलं. फाटक तेव्हापासून वाजत नाही.

मिल्सच्या धर्तीवरची इंजिनं पुढे कोलकात्यातही बनली. आजोबांच्या मते मूळचं ते मूळचं. कोलकात्याचं इंजिन वापरणारे एक गृहस्थ कधीमधी येतात. ते आले की आजोबा हवापाण्याविषयी बोलतात.

इंजिनं अशी वेगवेगळी, पण सगळ्यांचं जेवण एका बाबतीत सारखं. डिझेलमध्ये एरंडेल आहेच. बाकीच्यांच्या प्लगवाल्या, म्हणजे ग्लो इंजिनात मिथेनॉलमध्ये पाचव्या हिश्शाहून जास्त एरंडेल घालतात, फॉक्सला तर त्याहूनही जास्त लागतं. तापून लाल झालं तरी हे तेल धातूला सोडत नाही, म्हणून पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांच्या विमानांतही तेच वापरत. त्या विमानांचे वैमानिक तासन्‌तास एरंडेलाची वाफ गिळत उडायचे, आणि उतरल्यावर शत्रूपेक्षा पोटाची काळजी जास्त असायची. आपल्याकडे एरंड मुबलक, गुजरातेत तर त्याची शेतंच्या शेतं. पण किरकोळ गिऱ्हाइकाला दोन लिटर एरंडेल मागताना जो संकोच होतो तो झाल्याशिवाय कळणार नाही. आमच्या औषधवाल्याने पहिल्यांदा बाटल्या पुढे ठेवताना गिऱ्हाइकांच्या गर्दीत आवाज खाली आणून विचारलं होतं, “घरात सगळ्यांनाच आहे का त्रास?”

मिथेनॉलचं उलटं. ते विषारी, दारूकांडाच्या बातम्यांतलं नाव, त्यामुळे रसायनांचा दुकानदार आधी चेहरा बघतो, मग ओळखपत्र, मग विचारतो, कशाला हवंय? विमान उडवायला, हे खरं उत्तर दिलं तर काम होत नाही. ओएसवाले लेटरहेडवर अर्ज नेतात. त्यात ‘प्रायोगिक अंतर्ज्वलन यंत्र’ असे शब्द असतात. मिथेनॉल मिळतं.

हे मिथेनॉल पेटतं कसं, हीसुद्धा गंमतच आहे. प्लगमध्ये प्लॅटिनमची केसाएवढी वेटोळी तार असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टच्या सेलने लाल करायचं. इंजिनाने धरलं की सेल काढून घ्यायचा. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तार आपली आपण तापलेली राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी 1947च्या सुमाराला हा प्लग बाजारात आणला आणि त्याआधीची कॉइल, कंडेन्सर, जड बॅटरी ही सगळी वरात विमानातून खाली उतरली. आजोबांना हे सांगितलं की ते म्हणतात, “आमच्यात ती वरात कधी चढलीच नव्हती.”

सुरू करण्याचा विधी बघण्यासारखा असतो. बोटाने हवेचं तोंड बंद करून प्रॉप दोनदा फिरवायचा, इंधन नळीतून सरकताना दिसलं की बोट काढायचं, सेलची क्लिप लावायची आणि प्रॉपला झटका मारायचा. फट्. पुन्हा झटका. फट् फट्. मग नुसतंच ‘फुस्स’. इथे भोवतीच्या मंडळींना वाचा फुटते. एक म्हणतो फ्लड झालं, दुसरा म्हणतो कोरडं आहे, तिसरा म्हणतो प्लग गेला, चौथा काहीच म्हणत नाही पण नीडल अर्धा आटा फिरवून ठेवतो. आता नीडल मुळात कुठे होती हे कुणालाच ठाऊक नसतं. तेवढ्यात इंजिन कुणालाही न विचारता सुरू होतं, मालकाच्या बोटाला प्रॉप चाटून जातो, आणि चौघेही एकदम म्हणतात, “सांगत होतो ना!” बोटाला फेविक्विक लावतात. ते बरं नव्हे हे सगळ्यांना माहीत आहे. लावतात.

माझ्या कॉक्सला झटका मारायचा नसतो, त्याच्या नाकात स्प्रिंग आहे. प्रॉप उलटा गुंडाळून सोडला की झालं. कॅलिफोर्नियातल्या सांता अॅना इथे लेरॉय कॉक्स यांनी पोरासोरांसाठी अशी इंजिनं ढिगाने काढली. कोर्टात गेलेली कंपनी हीच. या इंजिनाच्या पाठीला धातूची एक पातळ झडप असते, ती कोणत्याही बाजूला फिरलं तरी सारखीच उघडझाप करते, त्यामुळे हे इंजिन मनात आलं की उलटंही सुरू होतं, आणि तितक्याच आनंदाने चालतं. आपण विमान सोडतो आणि विमान आपल्याच पायांकडे यायला लागतं. आजोबा एकदा हे बघून म्हणाले, “पॉइंटराव, याला आरसा बसवा.”

कान तयार झाल्यावर या छंदाची खरी मैफल सुरू होते. कसरतींचं इंजिन पूर्ण जोराने चालवत नाहीत. इंधन थोडं जास्त ठेवतात. मग टू-स्ट्रोक असूनही ते दर फेऱ्याला न पेटता एकाआड एक पेटतं आणि आवाज खर्जात उतरतो. त्याला मंडळी ‘फोर-स्ट्रोक करतंय’ म्हणतात. विमानाने नाक वर केलं की मिश्रण हलकं होतं, प्रत्येक फेरा पेटायला लागतो, आवाज तार सप्तकात चढतो, ताकद येते. माथ्यावरून उतरताना पुन्हा खर्ज. हे जाणं-येणं नेमक्या जागी होणं म्हणजे समेवर येणं. मैदानात डोळे मिटून बसलेली दोन-तीन माणसं दिसतील. विमान डोक्यावर आठ आकडा काढत असतं आणि ही मंडळी त्याच्याकडे न बघता मान डोलवत असतात. मध्येच फॉक्सची उचकी येते, आणि एका मांडीवरची थाप चुकते.

आता तुलना. कोणतं इंजिन चांगलं, हा प्रश्न तसा साधा. ‘एरोमॉडेलर’ हे इंग्लंडचं मासिक 1935 पासूनचं. पीटर चिन यांच्यासारखे लेखक मासिकांतून एकेका इंजिनाची चिरफाड करून शक्तीचे आलेख छापत. असे जुने अंक रद्दीवाल्याकडे मिळाले की फॉक्सवाले फॉक्सचा आलेख असलेलं पान तेवढं लॅमिनेट करतात. पण कागदावरची शक्ती मैदानात चालत नाही, तिथे फेरे मोजणारा टॅकोमीटर लागतो. पात्यांकडे रोखायचा, आकडा वाचायचा. भांडण मिटावं म्हणून ओएसवाल्यांनी तो आणला. तो बरोबर दाखवतो का हे तपासायची युक्तीही त्यांनाच माहीत: जुन्या चोकच्या ट्यूबलाइटकडे रोखा. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, नळी सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, आणि दोन पात्यांच्या हिशेबात टॅकोमीटरवर 3,000 आकडा यायला हवा. ओएसवाल्यांचा 3,000 दाखवत होता. फॉक्सवाल्यांनी स्वतःचा काढला, तो 3,120 दाखवत होता. फॉक्सवाल्यांनी निदान केलं की त्यांच्या पेठेत वीज जरा जास्त जोरात येते.

त्यात मुंबईचे एक स्नेही आले. त्यांचं म्हणणं, याच जातीचं इंजिन आमच्याकडे जास्त फेरे देतं. झालं, मुंबई-पुणे. फॉक्सवाले म्हणाले, तुमची हवाच जड, समुद्रसपाटीची. पुणं साडेपाचशे मीटर उंच, आमच्याकडे हवा पाच-सहा टक्के विरळ, तरी आमची इंजिनं चालतात हे कौतुक. स्नेही म्हणाले, मग आमच्या प्रॉपला ती जड हवा कापायला लागते त्याचं काय? वाद तिथेच संपायला हवा होता, कारण दोघांचंही खरं आहे: विरळ हवेत इंजिनाचा जोर जेवढा घटतो तेवढंच प्रॉपवरचं ओझंही घटतं, आणि फेरे जवळपास तेवढेच राहतात. विमान ओढायची ताकद मात्र कमी होते. हे मी कागदावर मांडून दाखवलं. दोघांनी कागद पाहिला, आणि 0.8 सीसीवाल्याने यात पडू नये यावर मुंबई आणि पुण्याचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शेवटी ठरलं की एकदा नीट, निःपक्षपाती कसोटी घ्यायचीच. मैदानात वारा असतो, म्हणून ओएसवाल्यांच्या सोसायटीची गच्ची. जेवायच्या जुन्या शिसवी पाटावर लाकडी पट्ट्या ठोकून इंजिनं बसवायची, एकाच पाटावर, एकामागून एक. अटींवर चहाचे दोन फेरे गेले. सगळ्यांना एकच प्रॉप? दहा इंचाचा प्रॉप फॉक्सला शोभतो, माझ्या कॉक्सला तो फिरवायचा तर माझंच इंजिन फिरेल. मग ज्याला जो शोभेल तो. मग मोजायचं काय? फॉक्सवाले म्हणाले, वजनाच्या मानाने ओढ. ओएसवाले म्हणाले, सातत्य. वही हजर आहे. आजोबा म्हणाले, सेल न वापरता जे सुरू होईल ते. मी सुचवलं, दर सीसीमागे फेरे. माझं सहा इंची प्रॉप घेऊन बारा हजारांच्या आसपास जातं, भागाकार केला की कुणी जवळपास येत नाही. प्रत्येकाची कसोटी अशी शास्त्रशुद्ध होती की तिच्यात तोच पहिला येत होता.

त्या सकाळी आमच्याबरोबर एअर विंगची एक कॅडेट होती. वायुसैनिक शिबिरात कंट्रोल लाइनची स्पर्धा असते, तिची तयारी चाललेली. तिच्या इंजिनावरची अक्षरं झिजून गेली होती. कोणत्या देशाचं, कोणत्या सालचं, काही कळायला मार्ग नव्हता. इंधनाच्या नळीच्या जागी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. तिने ते पाटावर बसवलं, एक फ्लिक मारला, सुरू. बंद केलं. पुन्हा एक फ्लिक, सुरू. चौघेही उठून जवळ आलो.

“कुणाचं आहे हे?” ओएसवाल्यांनी वही उघडली.

“युनिटचं, सर.”

“कंपनी?”

“माहीत नाही, सर.”

“नीडल किती आटे?”

“चांगला आवाज येईपर्यंत, सर.”

ओएसवाल्यांनी पेन बंद केलं. आजोबांनी इंजिन हातात घेऊन कानाशी हलवलं. फॉक्सवाल्यांनी भिंगाने झिजलेल्या अक्षरांत एफ शोधला आणि तो त्यांना सापडलाही. मी मागची झडप बघायला मागचं झाकण उघडू या म्हणालो. व्हॉल्व्ह ट्यूब बदलायला हवी यावर चर्चा झाली. मिथेनॉलला ती चालते, रॉकेल लागलं की फुगते, तेव्हा हे डिझेल नक्कीच नाही, असा निष्कर्ष आजोबांनी काहीशा दुःखाने काढला. स्क्रू-ड्रायव्हर बाहेर आले. ती बराच वेळ हात मागे बांधून उभी होती.

“सर, झालं का? मला फक्त आठ आकडा काढायला शिकायचाय.”

तो तिला कोण शिकवणार यावर पुन्हा चहा झाला.

कसोटी मात्र पार पडली. चारही इंजिनं ओळीने चालली, आकडे लिहिले गेले, आणि कुणीही हरलं नाही. पाट एरंडेलाने चिकट झाला, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर काळपट शिंतोडे आले आणि खालच्या मजल्यावरचं तान्हं मूल उठलं. संध्याकाळी सोसायटीच्या फलकावर चिटणीसांच्या सहीने नोटीस लागली: ‘गच्चीवर विमाने, हेलिकॉप्टर अथवा तत्सम यंत्रे चालविण्यास सक्त मनाई आहे.’

ओएसवाल्यांनी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. फॉक्सवाल्यांचा लगेच फोन आला. नोटीस आपल्याच इंजिनामुळे लागली, कारण चिटणीस गच्चीवर आले तेव्हा फॉक्स चालू होतं. आजोबांचं म्हणणं, ते आले ते ईथरच्या वासाने, आवाज नंतर. ओएसवाले म्हणाले, वहीत वेळा आहेत, 9 वाजून 40 मिनिटांनी ओएस चालू होतं आणि मूल बरोबर 9.41 ला रडलं. मी नोटीस पुन्हा नीट वाचली. त्यात ‘हेलिकॉप्टर’ असा स्पष्ट शब्द आहे. त्या सकाळी पाटासकट जागेवरून उठू पाहणारं इंजिन एकच होतं, उलटं सुरू झालेलं, 0.8 सीसीचं.